दुखणं उलटलं की गोळी सुटल्याचा त्रास?

ॲसिडिटीची गोळी चार-पाच महिने रोज घेतली, मग वाटलं आता बरं आहे, बंद करू, आणि दोन आठवड्यांत छातीत अशी जळजळ सुरू झाली की पहिलं दुखणं परवडलं. मग माणूस म्हणतो, बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही, आणि परत सुरू करतो. माझ्या आईचं असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, हे दुखणं उलटलेलं नाहीये, गोळी सुटल्याचा त्रास आहे. हे तिला पहिल्या दिवशीच कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुखणं उलटणं म्हणजे मूळ आजार आत होताच, गोळीने दबला होता, तो परत वर आला. गोळी सुटल्याचा त्रास वेगळा, त्याला रिबाऊंड म्हणतात. गोळी रोज एका बाजूला ढकलत असते म्हणून शरीर उलट्या बाजूने जोर लावून बसतं, आणि गोळी अचानक काढली की तो जोर तेवढा उरतो.

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांनी पोटातलं ॲसिड कमी होतं, ते कमी झालं म्हणून शरीर गॅस्ट्रिन हे हॉर्मोन वाढवतं, आणि गोळी बंद झाली की ॲसिड आधीपेक्षाही जास्त तयार होतं, काही आठवडे. २००९ साली डेन्मार्कमध्ये एक अभ्यास झाला, त्यात ॲसिडिटीचा कसलाच त्रास नसलेल्या माणसांना एसोमेप्राझोल ८ आठवडे दिली. बंद केल्यावर त्यातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी वगैरे सुरू झालं, नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे आजार नव्हताच, उलटणार कुठून?

झोपेच्या गोळीचंही तेच. बंद केल्यावर पहिल्या एक-दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि वाटतं निद्रानाश परत आला.

मग ओळखायचं कसं? एक म्हणजे वेळ बघा. रिबाऊंड बहुतेक वेळा लवकर येतो, जोरात येतो आणि हळूहळू ओसरतो, आजार उलटला तर तो ओसरत नाही, वाढत जातो किंवा तसाच राहतो. दुसरं, आधी कधी नसलेलं काही नवीन होतंय का. डिप्रेशनची गोळी सोडल्यावर डोक्यात करंट लागल्यासारखे झटके येणं, चक्कर येणं, हे मूळ आजारात सहसा नसतं, ते गोळी सुटल्याचं लक्षण. ॲसिडिटीत मात्र दोन्हीकडे जळजळच असते म्हणून तिथे चार-सहा आठवडे थांबून बघावं लागतं.

डोकेदुखीत तर घोळ अजून मोठा आहे. डोकं दुखतं म्हणून महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर (काही गोळ्यांना १० दिवसही पुरतात) तीन महिन्यांच्या वर चालू राहिली तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. नाक मोकळं करणारे ड्रॉप्स आठवडाभराच्या पुढे गेले की नाक त्यांच्यामुळेच चोंदतं.

आईची गोळी शेवटी सुटली ती अशी, ४० मिलिग्रॅमऐवजी २० ची, मग एक दिवसाआड, मध्ये जळजळ झालीच तर पातळ अँटासिड, रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच. झोपेसाठीही गोळीला पर्याय आहे, सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे सवयी आणि विचार बदलून झोप सुधारण्याचा उपचार, त्यात उठायची वेळ पक्की करतात, झोप येत नसेल तर पलंगावर पडून राहायचं नाही वगैरे. जुन्या निद्रानाशासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये गोळीच्या आधी हेच सुचवलंय.

पण हे वाचून कुणी आजच सगळ्या गोळ्या बंद करू नका, हात जोडून सांगते. ज्यांना अल्सरमधून रक्तस्राव झालाय त्यांना ॲसिडची गोळी लागते. फिट्सची गोळी, स्टेरॉइड, बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयासाठीची गोळी) आणि बरेच महिने चाललेली झोपेची गोळी अचानक तोडली तर जिवावर बेतू शकतं, ती डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्यानेच कमी करायची, झोपेच्या गोळीला तर कधीकधी कित्येक महिने लागतात.