तिरपे नव्हे, लपेटीचे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली कोकम आगळाची बाटली हा लेख लिहिताना समोर ठेवली आहे. तिच्या लेबलावर दोन नावे तिरपी छापली आहेत. वर रोमन लिपीत झाडाचे शास्त्रीय नाव, गार्सिनिया इंडिका, आणि खाली देवनागरीत ‘कोकम आगळ’. दोन्ही नावे उजवीकडे जवळजवळ सारखीच कललेली आहेत. तरीही वरचे नाव डौलदार वाटते आणि खालचे पावसात कलंडलेल्या कुंपणासारखे दिसते.

याचे कारण असे की वरच्या नावाची अक्षरे मुळात सरळ असलेल्या अक्षरांना तिरपे करून झालेलीच नाहीत. ‘इटॅलिक’ या प्रकाराचा उगम धावत्या हस्ताक्षरात आहे. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सचे निक्कोलो निक्कोली यांच्यासारखे विद्वान जुन्या लॅटिन ग्रंथांच्या प्रती उतरवून घेताना भरभर लिहीत, त्यामुळे त्यांची अक्षरे अरुंद होत, किंचित कलत आणि एकमेकांकडे झेपावत. व्हेनिसचे मुद्रक आल्डस मनुशियस यांनी हेच वळण धातूच्या खिळ्यांत उतरवायचे ठरवले आणि फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने त्याचे ठसे कोरले. १५०१ साली या टंकात व्हर्जिलच्या काव्याची हाती धरता येईल एवढी छोटी प्रत निघाली. त्या पुस्तकातली मोठी अक्षरे मात्र सरळच उभी होती. त्यांना कल नंतर आला. जागा वाचवण्यासाठी इटॅलिक जन्माला आले असे पुष्कळदा सांगितले जाते. मला मात्र वाचकाला परिचित आणि प्रतिष्ठित वाटणारे हस्ताक्षर छापून देण्याची हौस अधिक महत्त्वाची वाटते.

हस्ताक्षराचा हा वारसा आजही भिंगातून पाहिला तर स्पष्ट दिसतो. सरळ सेरिफ टंकात प्रत्येक उभ्या रेघेच्या टोकाला बारीक आडवे पाय असतात, जणू अक्षर शिळेवर छिन्नीने कोरले आहे. इटॅलिकमध्ये त्यांच्या जागी लेखणी कागदावर टेकताना आणि उचलताना उमटणारे लहान आकडे येतात. सरळ टंकातला लहान ‘ए’ दुमजली असतो, म्हणजे खाली पोट आणि वर छपरासारखा बाक. इटॅलिकमध्ये तो एकमजली होतो, शाळेत गिरवतो तसा. लहान ‘एफ’ची शेपटी बहुतेक इटॅलिक टंकांत ओळीच्या खाली उतरते. धातूच्या काळात या ‘एफ’ने जुळाऱ्यांना फार छळले, कारण त्याचा वरचा बाक आणि खालची शेपटी खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबत असे आणि शेजारच्या खिळ्याशी टक्कर होऊन तुटत असे.

कल किती असावा, याला ठरीव नियम नाही. ब्रिटिश टंकरचनाकार एरिक गिल यांच्या जोआना या टंकाचे इटॅलिक जेमतेम ३ अंश कललेले आहे, आणि तरीही ते इटॅलिक म्हणून चटकन ओळखू येते, कारण त्याची ओळख कलात नसून अक्षरांच्या घडणीत आहे. याउलट मतही मांडले गेले होते. १९२६ साली ब्रिटिश मुद्रणतज्ज्ञ स्टॅन्ली मॉरिसन यांनी आदर्श इटॅलिक म्हणजे सरळ टंकाचेच तिरपे रूप असावे असे प्रतिपादन केले आणि डच टंकरचनाकार यान फान क्रिम्पेन यांनी रोम्युलस या टंकात तसे करूनही पाहिले. तो प्रयोग फारसा रुजला नाही.

वापराच्या बाबतीत विज्ञानाने या अक्षरांना सर्वांत काटेकोर काम दिले आहे. प्रजाती आणि जातीचे नाव इटॅलिकमध्ये छापतात. हा सक्तीच्या नियमापेक्षा संकेत अधिक आहे, पण तो सर्वत्र पाळला जातो. गणितात आणि भौतिकशास्त्रात चल राशी इटॅलिकमध्ये आणि एकके सरळ अक्षरांत छापतात, म्हणून तिरपा ‘एम’ वस्तुमान दाखवतो आणि सरळ ‘एम’ मीटर.

आता बाटलीवरच्या खालच्या नावाकडे वळू. देवनागरी फाँटला स्वतःचे इटॅलिक नसेल आणि तरीही तिरप्या अक्षरांचे बटण दाबले, तर संगणक प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकवतो. हा कल साधारण १४ अंशांचा धरला, तर उंचीच्या पाव पट सरक होते. आडव्या रेघेची जाडी त्याने बदलत नाही, उभी रेघ मात्र सुमारे ३ टक्क्यांनी बारीक होते. म्हणून शिरोरेषा जड राहते आणि तिला लटकलेले काने रोडावतात. लेबलावर ‘को’ची मात्रा पुढच्या ‘क’च्या डोक्यावर झुकली आहे. ‘सूर्य’सारखा शब्द असता तर रफार उजवीकडे आणि ऊकार डावीकडे ओढला गेला असता.

आपल्याकडे धावते वळण नव्हते असे नाही. बोरू न उचलता लिहिली जाणारी लपेटीदार मोडी हे बाळबोधाचे, म्हणजे देवनागरीचे, धावते भावंडच होते, आणि विल्यम केरी यांच्या १८१० सालच्या मराठी कोशासाठी मोडीचे खिळेही पाडले गेले. युरोपात सोळाव्या शतकात सरळ आणि धावते वळण एकाच पुस्तकात, पुढे एकाच ओळीत नांदू लागले. बाळबोध आणि मोडी यांची तशी जोडी छापखान्यात जमली नाही. यामागचा खर्चाचा भाग गोव्यात फार लवकर कोणीतरी मोजला होता. १५५६ साली जुन्या गोव्यात भारतातला पहिला छापखाना आला, पण त्यात देवनागरी खिळे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात इथल्या लिपीत छापायचे तर सुमारे ६०० साचे लागतील, युरोपातल्यासारखे २४ पुरणार नाहीत, असे कळवले. एक संच पाडणेच जिथे अशक्यप्राय, तिथे जोडीला दुसरा धावता संच कोण पाडणार? त्यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापले गेले, ते रोमन अक्षरांत.