२४, २८ की ४८? बोयींच्या रंगसूत्रांचा हिशेब

खाडीत पाग टाकला की एकाच खेपेत दोन-तीन जातींची बोय वर येऊ शकते. मोठी बोय गाबीत-कोळी मंडळी डोकं आणि खवले बघून वेगळी काढतात. बोटभर पिल्लं मात्र सगळी सारखीच चंदेरी. मत्स्यशास्त्रज्ञांचीही या कुळापुढे हीच पंचाईत होते.

आपल्या खाड्यांत येणाऱ्या 'मुजिल सेफॅलस' या बोयीच्या पेशीत ४८ रंगसूत्रं असतात. पुष्कळ सागरी माशांत आकडा हाच. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मात्र 'मुजिल क्युरेमा' नावाच्या बोयीत २८च रंगसूत्रं निघाली. व्हेनेझुएलाच्या मार्गारिटा बेटाजवळ तशाच दिसणाऱ्या बोयीत २४ भरली आणि त्याच भागातल्या लालसर डोळ्यांच्या बोयीत पूर्ण ४८! लाल डोळ्यांवाली २००७मध्ये आणि चोविसावाली २०१५मध्ये स्वतंत्र जाती म्हणून नोंदल्या गेल्या. तोवर चोविसावाली क्युरेमातच खपत होती.

मग बाकीची रंगसूत्रं गेली कुठे? कुठेच नाहीत. दोन काठ्या टोकाला टोक लावून बांधाव्यात, तशी दोन-दोन रंगसूत्रं जोडली गेली. आकडा घटला, पण भुजा (सुट्या रंगसूत्राची एक, जोडलेल्याच्या दोन) मोजल्या तर तिन्हीकडे ४८च. अशा जोडणीला 'रॉबर्टसोनियन' म्हणतात. प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्टसन यांनी १९१६मध्ये नाकतोड्यांच्या अभ्यासातून ती मांडली.

हे मोजायला बर्फातला मासा कामाचा नाही, जिवंतच हवा. त्याला कोल्चिसिन टोचतात. (पावसाळ्यात कोकणातल्या कुंपणांवर फुलणाऱ्या कळलावीत हेच विष असतं.) त्याने पेशींचं विभाजन अर्ध्यावर अडकतं, आणि रंगसूत्रं आखडून सुटी दिसतात नेमकी तेव्हाच. मग मूत्रपिंडातल्या पेशी विरळ क्षारद्रावणात फुगवायच्या, काचपट्टीवर थेंब टाकायचा, रंग द्यायचा आणि मोजत बसायचं. एका पेशीवर कोणी भरवसा ठेवत नाही; थेंब पसरताना एखाद-दुसरं रंगसूत्र हरवतंच.

आता समजा, २४वाली आणि ४८वाली यांचा संकर झाला. एकीकडून १२ आणि दुसरीकडून २४ मिळून पिल्लाला ३६ रंगसूत्रं मिळतील. ते वाढेलही धडधाकट. गोची होते ती त्याची अंडी किंवा शुक्रपेशी बनताना: प्रत्येक जोड-रंगसूत्राला दोन सुट्यांशी जुळवून घ्यावं लागतं. असे तिघांचे १२ गट, आणि प्रत्येकाची वाटणी बिनचूक व्हायला हवी. एखादा गट निभावतो. बाराच्या बारा सुरळीत सुटणं कठीण.

तरी 'आकडा बदलला म्हणून जात फुटली' असं सरसकट म्हणणं मला घाईचं वाटतं. घरातल्या उंदराची साधारणपणे ४० रंगसूत्रं. युरोपात काही ठिकाणी ती जोडणीने २२पर्यंत उतरली आहेत, तरी उंदीर एकाच जातीचे गणले जातात. बोयींमध्येही जोडण्या आधी झाल्या की कळप आधी दुरावले, हे नुसत्या मोजणीवरून ठरत नाही.

उलट नॉर्वेचा कॉड मासा घ्या. किनाऱ्याला राहणारा कॉड आणि उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला येणारा कॉड, दोघांच्या रंगसूत्रांची संख्या सारखीच. पण काही रंगसूत्रांचे मोठे तुकडे उलटे फिरलेले आहेत, आणि सुलट-उलट तुकड्यांमध्ये जनुकांची अदलाबदल जवळपास होत नाही. त्यामुळे विणीच्या वेळी गाठ पडूनही त्या तुकड्यांतले गुण वेगळेच राहतात. रंगसूत्रं कितीही मोजली असती तरी हा भेद हाती लागला नसता. त्यासाठी डीएनएच वाचावा लागला.