डिमेन्शिया झालेल्या आईवडिलांच्या निवासी देखभालीचा खर्च : पैसे असूनही वाट का अडते

डिमेन्शिया झालेल्या आईला किंवा वडिलांना निवासी केंद्रात ठेवायचं ठरलं की घरात आधी महिन्याच्या बिलाचा हिशेब मांडला जातो. अनामत रक्कम किती, ती परत मिळणार का, खोली एकटीची की दोघींत, रात्रीची आया धरून की वेगळी. डायपर, औषधं आणि रुग्णालयात न्यावं लागलं तर तिथला खर्च बहुधा बिलाबाहेर असतो. दिवसाला तीन-चार डायपर धरले तरी महिन्याला शंभराच्या आसपास लागतात. अनेक घरांत हा हिशेब कसाबसा जुळतो, कारण पेन्शन येत असते, मुदत ठेवी असतात, फ्लॅट नावावर असतो. गाडी अडते ती त्यानंतर. यातलं काहीच आईच्या सहीशिवाय हलत नाही, आणि आपण कशावर सही करतोय हे आईला आता उमगत नाही.

भारतात या देखभालीचा भार मुख्यतः रुग्णाच्या स्वतःच्या साठवणीवर आणि मुलांच्या खिशावर पडतो. म्हणून त्या साठवणीपर्यंत पोचायची कायदेशीर वाट कोणती होती आणि ती कशी बुजली, हे आधी पाहायला हवं.

वाट जुनी होती. १८५८ मध्ये मनोरुग्णांसंबंधी तीन कायदे झाले. त्यांतल्या एकाने, मानसिकदृष्ट्या अक्षम ठरलेल्या माणसाची मालमत्ता सांभाळायला व्यवस्थापक नेमण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयांना दिला. १९१२ च्या 'इंडियन लुनसी अॅक्ट'ने हीच पद्धत पक्की केली. त्या कायद्याची भाषा आज कानाला बोचते, पण कामकाज स्पष्ट होतं. नातेवाइकाने जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, न्यायालयाने चौकशी करून व्यवस्थापक नेमायचा. त्याने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा. घर विकणं, गहाण ठेवणं किंवा पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देणं न्यायालयाच्या परवानगीशिवाय चालत नसे. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला, त्यातही ही चौकट जवळपास तशीच राहिली. खर्च होई, तारखा पडत, पण अर्ज तालुक्या-जिल्ह्याच्या वकिलाला ओळखीचा होता.

मग २००७ मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्याच्या १२ व्या कलमाचा गाभा असा, की आजार किंवा अपंगत्व आहे म्हणून कुणाचा कायदेशीर निर्णयाधिकार काढून घेता येणार नाही. त्याला धरून २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. आजाराच्या व्याख्येत त्याने स्मृती आणि स्थळकाळाचं भान यांतला गंभीर बिघाडही घेतला, त्यामुळे डिमेन्शिया त्यात बसतो. उपचाराबद्दलची इच्छा आधीच लिहून ठेवता येते, आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. पण हे सगळं उपचारापुरतं. १९८७ चा कायदा रद्द होताना मालमत्तेचं प्रकरणही त्याच्याबरोबर गेलं, आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

हेतू चांगला होता, यात शंका नाही. मनोरुग्ण ठरवून माणसाला त्याच्याच घरातून आणि इस्टेटीतून बेदखल करणं हा खरा अन्याय होता. पण जो आजार दर वर्षी थोडी थोडी समज हिरावून नेतो आणि ती परत देत नाही, त्याचा विचार या बदलात झाला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे ७.४ टक्क्यांना, डिमेन्शिया आहे. इतक्या घरांसाठी साधी जिल्हा पातळीवरची वाट न ठेवणं ही मोठी चूक आहे.

इतर कायद्यांत शोधलं तरी हाती फार लागत नाही. १८९० चा पालकत्वाचा कायदा अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलांपुरता आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हास्तरीय समिती पालक नेमते, पण फक्त स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं 'मर्यादित पालकत्व' ठरावीक निर्णयासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी असतं. महिन्यामागून महिना बिल भरण्यासाठी ते अपुरं पडतं.

सर्वांत मोठी फसगत होते ती कुलमुखत्यारपत्राने. "पॉवर ऑफ अॅटर्नी करून ठेवली आहे, काळजी नाही," असं अनेक घरांत म्हटलं जातं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की दिलेला अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंडने ही अडचण ओळखून १९८५ मध्ये टिकाऊ, म्हणजे समज गेल्यावरही चालू राहणाऱ्या, मुखत्यारपत्राचा कायदा केला आणि २००५ च्या कायद्याने त्याला नवं रूप दिलं. भारतात असा कायदा अजून नाही.

बँकेच्या काउंटरवर हे कसं दिसतं ते पाहावं. ठेव मोडायच्या अर्जावर आईची सही सुरू होते, आडनावापर्यंत येते आणि रेघ खाली घसरत जाते. नमुना सही जुळत नाही. अंगठा चालेल का, असं मुलगी विचारते. आजारी आणि वृद्ध खातेदारांसाठी अंगठ्याची सोय आहे, दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पण ही सोय शरीर थकलेल्यांसाठी आहे, समज गेलेल्यांसाठी नाही. अधिकारी आईला विचारतो, "आजी, पैसे कशाला काढताय?" आजी मुलीकडे पाहतात. अर्ज परत येतो. अधिकाऱ्याला दोष देता येत नाही. उद्या दुसऱ्या मुलाने तक्रार केली तर तोच अडकतो.

खातं 'दोघांपैकी एक किंवा हयात' पद्धतीचं असेल तर पेन्शन काढता येते, ठेवीची मुदत संपली की रक्कमही मिळते. मुदतीआधी ठेव मोडायची असेल तर मात्र दोघांच्या सह्या लागतात, नाहीतर तशी सूचना आधीच लिहून दिलेली असावी लागते. पाच वर्षांची ठेव नुकतीच नूतनीकरण झाली असेल, तर याच कारणाने पैसे गोठतात.

शेवटी उरतं उच्च न्यायालय. मुंबई उच्च न्यायालयाकडे १८६५ च्या लेटर्स पेटंटच्या (ब्रिटिश काळातली सनद) १७ व्या कलमातून आलेला, मानसिकदृष्ट्या अक्षम माणसांची आणि त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा जुना अधिकार आहे, शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालचा रिट (आदेश काढण्याचा) अधिकार. केरळ उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी पालक नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, आणि २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही कोमातल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं. डिमेन्शियाच्या याचिका याच धाग्याने जातात. कागदांत निदान आणि अक्षमतेचा वैद्यकीय अहवाल, सर्व कायदेशीर वारसांची नावं आणि त्यांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं, खाती-ठेवी-घराची पूर्ण यादी आणि महिन्याच्या खर्चाचा तपशील लागतो. न्यायालय वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून घेतं आणि महसूल अधिकाऱ्याकडून मालमत्तेचा व कुटुंबाचा अहवाल मागवतं. याचिका लांबते ती बहुधा दोन जागी: परदेशातल्या भावंडाचं प्रतिज्ञापत्र, आणि यादीतून सुटलेली एखादी ठेव. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबाला बाहेरगावचा वकील आणि प्रवास यांचा खर्चही यात धरावा लागतो.

मुलांच्या जबाबदारीचा इतिहास वेगळ्या ओळीने चालतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईवडिलांना पोसण्याचं बंधन मुलगा आणि मुलगी दोघांवरही घातलं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ने त्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे जायची सोय केली, पण महिन्याला ५०० रुपयांची मर्यादा घातली. ती २००१ मध्ये उठली. लग्न झालेली मुलगीही या जबाबदारीतून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केलं. मग आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा, २००७ आला. अर्ज न्यायाधिकरणाकडे, ९० दिवसांत निकाल अपेक्षित. पण महिन्याला १०,००० रुपयांची कमाल मर्यादा ठेवली. पूर्णवेळ देखभालीच्या केंद्राचं बिल यात भागत नाही. मर्यादा काढण्याचं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये सभागृह विसर्जित झाल्यावर रद्द झालं. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढण्याची तरतूदही याच कायद्यात आहे, पण तो निराधारांसाठी, आणि डिमेन्शियाची देखभाल हे त्याचं काम नाही.

विम्याबद्दल गैरसमज फार आहेत. मेडिक्लेम १९८६ मध्ये आला तो रुग्णालयातल्या भरतीसाठी. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा द्यायला लावलं, म्हणून अनेकांना वाटतं की आता केंद्राचं बिल मंजूर होईल. होत नाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये सर्व पॉलिसींसाठी एकसारखी केलेली वगळणी पाहावी, त्यांतली पाचव्या क्रमांकाची: आंघोळ, कपडे, हालचाल यांत मदत लागते म्हणून घरी किंवा केंद्रात घेतलेली देखभाल विम्याबाहेर. डिमेन्शियाच्या रुग्णाला नेमकी हीच मदत लागते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांसाठी खुली झालेली आयुष्मान भारत योजनाही रुग्णालयातल्या उपचारापुरती आहे.

करात थोडी सवलत मिळते. जुन्या करप्रणालीत (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ८०डीडीबी) ठरवून दिलेल्या आजारांच्या यादीत डिमेन्शिया नावाने आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असावं, मेंदूविकार तज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन हवं, आणि ज्येष्ठ नागरिकासाठी मर्यादा एक लाख रुपये. मात्र ही वजावट उपचाराची आहे, राहण्या-जेवणाची नाही. म्हणून केंद्राकडून औषधोपचाराचं बिल वेगळं फोडून घ्यावं.

घरावर पैसे उभे करायचे तर रिव्हर्स मॉर्गेज, ही कल्पना २००७-०८ च्या अर्थसंकल्पातून आली. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या नियमांप्रमाणे साठीपुढच्या माणसाला स्वतः राहत असलेल्या घरावर बँक ठरावीक काळ पैसे देते. पण शेवटचा कर्जदार देखभालीसाठी संस्थेत कायमचा राहायला गेला की कर्ज फेडीला येतं. घरी आया ठेवून सांभाळायचं असेल तर योजना उपयोगाची आहे. केंद्राच्या बिलासाठी ती घेतली तर आई तिथे गेली की वसुलीच मागे लागते.

निदान लवकर झालं असेल, आई अजून समजून बोलत असेल, तर कामं या क्रमाने करावीत. बँक खाती आणि ठेवी संयुक्त करणं, मुदतीआधी एकाच्या सहीने ठेव मोडता येईल अशी सूचना देणं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात स्पष्ट घालणं, म्हणजे २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करता येतं. रक्कम मोठी असेल तर १८८२ च्या न्यास कायद्याखाली खासगी न्यास (ट्रस्ट) करणं. पैसे न्यासाच्या नावावर गेले की आईची समज गेली तरी विश्वस्त केंद्राचं बिल भरू शकतात. त्या दिवशीचं, आई सही करण्याइतकी सक्षम असल्याचं, डॉक्टरांचं तारखेसह प्रमाणपत्र दस्ताला जोडावं. भावंडांत वाद झाला तर न्यायालय पहिल्यांदा तेच मागतं.