बारा नंबरच्या पायाला बर्फावरचा बूट

लहानपणी आपल्या सगळ्यांचेच बूट वाढत्या अंगाचे घेतलेले असतात. जूनमध्ये पुढे बोटभर जागा, तिच्यात कापसाचा बोळा, आणि वार्षिक परीक्षेपर्यंत पाय बुटाला गाठतो. हा हिशेब डोक्यात इतका पक्का बसतो की पाय वाढायचा थांबून वीस वर्षं झाली तरी दुकानात आपण अंगठ्यापुढे चाचपूनच बघतो. ज्यांचा पाय मुळातच मोठा, त्यांना तर जन्मभर एकच मंत्र: मिळतोय तो घे, सैल वाटला तर दोन मोजे चढव.

ऐरोलीचा माझा भाचा यंदा गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघाला, तेव्हा ताईनं हाच मंत्र म्हटला. "एक नंबर मोठाच माग रे, थंडीत जाड मोजे लागतील." भाचा सहा फूट दोन इंच. ठाण्यात गोखले रोडवर 'बारा नंबर' म्हटलं की विक्रेता आत न जाताच मान हलवतो. पण स्कीच्या बुटाच्या बाबतीत ताईचा सल्ला पार उलटा आहे, आणि मी रबाळ्याला प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात काम करत असल्यामुळे मला गप्प राहवेना.

स्कीचा बूट म्हणजे खरं तर दोन बूट. बाहेर टणक प्लास्टिकचं कवच, आत फोमचा मऊ लायनर. कवच खालच्या स्कीला, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या लांब पट्टीला, बाइंडिंग नावाच्या पकडीनं जखडलेलं असतं. वळायचं असलं की नडगी पुढे नि बाजूला रेलायची. तो दाब कवचातून स्कीच्या धारेपर्यंत पोचतो आणि धार बर्फात रुतते. पाय आणि कवच यांच्यात पाच मिलिमीटर पोकळी असेल, तर आधी ती भरते, मग स्की हलते. तोवर वळण हुकलेलं असतं. शिवाय सैल बुटात टाच वर उचलली जाते, पाय पुढे घसरतो, अंगठा आपटून नख काळं पडतं. गंमत अशी की काळं नख घेऊन आलेला माणूस म्हणतो, बूट लहान पडला. पुढच्या खेपेला आणखी मोठा मागतो.

दोन मोज्यांचंही तेच. मोज्यावर मोजा चढवला की चुण्या पडतात, घाम अडकतो. वर बूट सैल म्हणून बकलं आवळायची, म्हणजे पावलाच्या वरच्या रक्तवाहिन्या दबतात आणि बोटं गारठतात. ऊब रक्त आणतं, मोजा ती फक्त टिकवतो. स्कीसाठी पोटरी झाकणारा एकच पातळ मोजा घालायचा असतो.

आता नंबराकडे येऊ. आपला बारा नंबर इंग्लिश पद्धतीचा, जवाच्या दाण्यावरून आलेला; एका नंबराची पायरी म्हणजे एक तृतीयांश इंच, ८.४७ मिलिमीटर. युरोपातल्या ४५-४६ वाल्या पद्धतीची पायरी ६.६७ मिलिमीटर. यातला कुठलाच आकडा पायाचा नसतो. ज्या फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, बूट बेततात त्या फर्म्याची ती लांबी असते, आणि बोटांपुढे किती जागा सोडायची हे ज्याचं त्यानं ठरवलेलं असतं. स्कीबुटाची मोंडोपॉइंट पद्धत त्या मानानं सरळमार्गी: पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये, तोच बुटाचा आकडा. पाय २९५ मिलिमीटर, तर बूट २९.५. वाढत्या अंगाला इथे थारा नाही.

यात आपल्या पायांची एक वेगळी भानगड आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय थ्रीडी स्कॅनरनं मोजले. त्यातून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. २०२४ मध्ये तिच्या बातम्या आल्या, तेव्हा व्हॉट्सॲपवर सगळा भर स्वदेशी नंबराच्या अभिमानावर होता. त्या पाहणीतली कामाची गोष्ट मात्र बाजूलाच राहिली: आपले पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद आहेत. रुंद पाय अरुंद बुटात जात नाही, म्हणून आपण लांबीत एक-दोन नंबर वर चढतो. म्हणजे 'माझा पाय फार मोठा' म्हणणाऱ्यांतले कित्येक जण मुळात रुंद पायाचे असतात.

भाच्याचा पाय मी घरीच मोजला. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभा केला आणि पेन्सिल सरळ धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण केली. उजवा २९५, डावा २९८. तोच उजवा पाय खुर्चीवर बसून मोजला तर चार मिलिमीटर आखूड. यात पेन्सिलीचा दोष नाही. पावलाला कमान असते. अंगाचा भार पडला की ती खाली बसते आणि पाऊल लांबीला नि रुंदीला पसरतं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून जाणारा एक चिवट पट्टा ही कमान बांधून ठेवतो. बोटं वर वळवली की पट्टा ताणला जातो, कमान उचलली जाते आणि पाऊल आखडतं. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये ही यंत्रणा नीट मांडली. स्कीबुटात कमानीखाली घट्ट आधार देणारी तळपट्टी घातली तर कमान बसत नाही, आणि हे तीन-चार मिलिमीटर फुकटात परत मिळतात. मोठ्या पायाच्या माणसासाठी ही मोठीच कमाई, कारण त्याच्यापुढचे पर्याय वरच्या टोकाला संपत आलेले असतात.

मोजमाप चाललं असताना शेजारच्या काकूंनी भाच्याचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असल्याचं हेरलं. मुलगी असती तर नवऱ्याला धाकात ठेवलं असतं म्हणे. बायकांच्या पायाची बोटं बघून स्थळं नाकारणारे लोक आजही आहेत, हे ठाण्यासारख्या शहरात लिहावं लागतं याची लाज वाटते. दुसरं बोट लांब असणं ही हाडांच्या लांबीची साधी ठेवण आहे. तिचा परिणाम एवढाच की बुटाचं माप अंगठ्यापासून घेतलं तर चुकतं.

मोठे बूट मिळत का नाहीत? बहुतेक मॉडेलं ३०.५ किंवा ३१.५ ला संपतात, थोडी ३२.५-३३.५ पर्यंत जातात. बायकांसाठीची मॉडेलं त्याच्या बरीच आधी थांबतात, मग मोठ्या पायाच्या बायकांना पुरुषांचा बूट घ्यावा लागतो आणि त्याची उंच कड पोटरीत रुतते. कारण आमच्या धंद्यातलं आहे. कवच इंजेक्शन मोल्डिंगनं होतं: प्लास्टिकचा दाणा वितळवून धातूच्या मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, दाबायचा. प्रत्येक पूर्ण मापाला स्वतंत्र मोल्ड लागतो, आणि मोल्डचा खर्च त्यातून किती नग निघणार यावर वाटला जातो. मधल्या मापांचे गिऱ्हाईक हजारोंनी, टोकाला मूठभर. अर्धा नंबर तर नावालाच असतो. लागोपाठची दोन अर्धी मापं एकाच कवचात बसवतात, फरक आतल्या पट्टीचा.

म्हणून मोठ्या पायाचा खरा मार्ग म्हणजे मिळेल ते जवळचं कवच घेऊन ते गरम करून हवं तिथे फुगवणं. याला पंच करणं म्हणतात. हा भाग मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे जरा रेंगाळतो.

बहुतेक कवचं पॉलियुरेथेनची असतात. हे रसायन ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेनला शोधलं. (आडनाव कंपनीचंच असलं तरी ते त्या मालक घराण्यातले नव्हते.) पॉलियुरेथेनचे काही प्रकार एकदा घट्ट झाले की पुन्हा मऊ होत नाहीत. बुटाचा प्रकार थर्मोप्लास्टिक, म्हणजे उष्णतेनं पुन्हा मऊ होणारा. याची प्रत्येक साखळी दोन तऱ्हेच्या तुकड्यांची बनलेली असते. लांब, लवचीक तुकडा मऊ. आखूड, ताठ तुकडा कठीण. सुतळीचा गुंता डोळ्यांपुढे आणा, ज्यात जागोजागी गाठी आहेत. सुतळी म्हणजे मऊ तुकडे, गाठी म्हणजे कठीण तुकड्यांचे एकमेकांना चिकटलेले पुंजके. हे पुंजके हायड्रोजन बंधांनी धरलेले असतात, आणि हायड्रोजन बंध रासायनिक बंधाच्या मानानं दुबळा. नेहमीच्या तापमानाला गाठी घट्ट, म्हणून बूट आकार धरतो. सुतळी हलती, म्हणून तो काचेसारखा फुटत नाही. गारठ्यात सुतळीची हालचाल मंदावते, त्यामुळे दुकानात लवचीक वाटलेला बूट डोंगरावर ताठर लागतो.

आता कवच साधारण शंभर अंशांच्या आसपास तापवलं की गाठी सैलावतात, पण पूर्ण सुटत नाहीत. सुटल्या तर कवच वितळेल. सैलावलेल्या गाठींतून साखळ्या दाबाखाली थोड्या सरकतात, काही गाठी सुटून दुसरीकडे बसतात. त्याच अवस्थेत आतून धातूचा गोळा दाबून धरायचा आणि दाब न काढता थंड करायचं. थंड होताना गाठी नव्या जागी आवळतात.

इथे घाई केली की फसगत. ताणलेली मऊ साखळी परत गोळा व्हायला बघते. तिला कोणी ओढत नसतं. सरळ राहण्याचा मार्ग जवळपास एकच, गोळा होण्याचे मार्ग अगणित, म्हणून नुसत्या उष्ण हालचालीनं ती वेटोळी होते. एन्ट्रॉपी ती हीच. रबर ओढून सोडलं की मागे येतं तेही याच कारणानं. गाठी पक्क्या होण्याआधी दाब काढला तर हा ताण जिंकतो आणि फुगवटा मागे बसतो. म्हणून जाणता कारागीर हव्या मापापेक्षा थोडं जास्त दाबतो आणि बूट तसाच बराच वेळ प्रेसवर ठेवतो. नंतरही बूट हीटरपाशी वाळत घातला तर फुगवटा हळूहळू ओसरू शकतो, कारण तो ताण आतच गोठलेला असतो. काही कवचं नायलॉनच्या जातीची, म्हणजे पॉलिअमाइडची असतात. त्यांच्यात स्फटिकांसारखी रचना जास्त, मऊ होणं आणि वितळणं यांतलं अंतर कमी. तिथे हात आणखी जपून. बुटाच्या तळाच्या पुढच्या-मागच्या ओठांना तर उष्णता लागूच द्यायची नसते, कारण बाइंडिंग तिथेच पकडतं आणि त्यांचा आकार ठरलेला असतो.

गरम हवा सोडणाऱ्या हीट गननं घरीच करू, असं भाच्यानं सुचवलं. आमच्या कारखान्यातल्या ऑपरेटरनंही उत्साहानं हात वर केला. दोघांनाही मी नाही म्हटलं. पृष्ठभाग चकाकायला लागला म्हणजे तो जास्त तापलाय, आणि आतला थर तोवर थंडच असतो.

घासण्याचं दुखणं क्षुल्लक समजू नये. इतिहासात नोंद असलेला सर्वांत उंच माणूस रॉबर्ट वॅडलो: उंची २७२ सेंटिमीटर, पाऊल ४७ सेंटिमीटर. पायाला आधार म्हणून लावलेलं ब्रेस घोट्याला घासून फोड आला, त्यात जंतुसंसर्ग झाला आणि १९४० मध्ये वयाच्या २२ व्या वर्षी तो गेला.

कवच बरोबर आहे का, हे लायनर काढून बघायचं. रिकाम्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहायचं. शिकाऊ माणसाला दीड-दोन सेंटिमीटर पुरतात. मग लायनर घालून उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकली तर घाबरू नये. गुडघे वाकवून नडगी पुढे रेलली की टाच मागे बसते आणि बोटं सुटी होतात. दुकानात ताठ उभं राहून बूट बघणारा माणूस नेमका इथेच फसतो आणि एक माप वर जातो. रुंदीचा आकडा, ९८, १०० किंवा १०२ मिलिमीटर, हा सहसा २६.५ मापाच्या बुटाचा असतो. तेच मॉडेल ३० मध्ये घेतलं तर ते आपोआप रुंद होतं. फ्लेक्स, म्हणजे बुटाचा ताठरपणा, १२० की १३० या आकड्यांना मात्र भुलू नका. त्यांना सर्वमान्य मोजपट्टीच नाही, एका कंपनीचा १०० दुसरीचा ११० असू शकतो.

भाच्याला ३० चं रुंद कवच पुरलं. डाव्या बुटाला करंगळीच्या बाजूला पंच लागला.

राहिलं बाइंडिंग. पडताना स्की सुटावी म्हणून त्यात स्प्रिंग असते, आणि किती जोरानं सुटावं याचा आकडा एका छोट्या खिडकीत दिसतो. तो वजन, उंची, वय, कसब आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून काढतात. ही लांबी टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. पायाच्या हाडाला पिळणारं बल म्हणजे बुटाच्या टोकाशी लागलेला जोर गुणिले तळाची लांबी. तळ लांब, तर तेवढ्याच जोरात पीळ जास्त. म्हणून बाकी सगळं सारखं असताना मोठ्या बुटाला आकडा कमी ठेवावा लागतो. तरुण मंडळी जास्त आकडा म्हणजे जास्त तयार असं मानून तो मिरवतात, त्याची किंमत गुडघा मोजतो. भाड्याच्या स्कीवर आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहिलेला असू शकतो, तेव्हा तळाची लांबी दाखवून तो काउंटरवरच बदलून घ्यावा.