स्थावर संपदा विनियमन कायदा (रेरा) आणि महाराष्ट्रातील गृहखरेदी

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा प्रामुख्याने बांधकाम पूर्ण होण्याआधी विकल्या जाणाऱ्या सदनिका, दुकाने, कार्यालये आणि भूखंड यांच्या व्यवहारांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा असून ‘रेरा’ या नावाने तो ओळखला जातो. राज्यसभेने १० मार्च २०१६ रोजी आणि लोकसभेने १५ मार्च २०१६ रोजी त्याचे विधेयक संमत केले आणि २५ मार्च रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. काही कलमे १ मे २०१६ पासून, तर प्रकल्पांची नोंदणी आणि विकासकांची कर्तव्ये यांसंबंधीची मुख्य कलमे १ मे २०१७ पासून अमलात आली. या कायद्यानुसार प्रत्येक राज्यात स्वतंत्र नियामक प्राधिकरण असते. महाराष्ट्राचे प्राधिकरण, म्हणजे महारेरा, मार्च २०१७ मध्ये स्थापन झाले आणि गौतम चटर्जी हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. त्याचे मुख्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. गोव्याचे प्राधिकरण वेगळे असून ते पणजीतून काम करते.

महाराष्ट्राला असा कायदा सर्वस्वी नवीन नव्हता. मुंबईत मालकी हक्काच्या सदनिकांचा व्यवसाय वाढू लागला तेव्हा राज्याने १९६३ मध्येच सदनिकांच्या मालकी हक्कासंबंधीचा अधिनियम केला होता, जो व्यवहारात ‘मोफा’ म्हणून ओळखला जातो. विक्री किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी लेखी करारनामा करून त्याची नोंदणी करणे, मंजूर नकाशे खरेदीदाराला दाखवणे, गृहनिर्माण संस्था स्थापन करून जमीन व इमारत तिच्या नावे करून देणे ही बंधने त्यात होतीच, आणि ती मोडणाऱ्यास शिक्षेचीही तरतूद होती. उणीव होती ती नियामक संस्थेची. बिल्डरने करार मोडल्यास खरेदीदाराला पोलीस ठाणे, दिवाणी न्यायालय किंवा ग्राहक मंच यांपैकी एखादा मार्ग स्वतःच धरावा लागे आणि निकालापर्यंत घराच्या कर्जाचा हप्ता व राहत्या जागेचे भाडे असा दुहेरी भार सोसावा लागे. ही उणीव भरून काढण्यासाठी राज्याने २०१२ मध्ये नियामकाची तरतूद असलेला स्वतःचा कायदा केला. तो केंद्रीय कायद्याच्या कलम ९२ ने निरसित झाला. मोफा मात्र रद्द झाला नाही. त्यामुळे मानीव अभिहस्तांतरणासारख्या, म्हणजे बिल्डर टाळत असला तरी जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून घेण्यासारख्या, बाबींसाठी महाराष्ट्रातील रहिवाशांना आजही त्याच जुन्या कायद्याचा आधार घ्यावा लागतो.

नव्या कायद्याचा पाया प्रकल्पाच्या नोंदणीत आहे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक आहे आणि ज्यात आठांहून अधिक सदनिका बांधायच्या आहेत, त्याची नोंदणी होईपर्यंत विकासकाला जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही आणि विक्रीही करता येत नाही. १ मे २०१७ रोजी बांधकाम सुरू असलेल्या, पण पूर्णत्वाचा दाखला न मिळालेल्या प्रकल्पांनाही तीन महिन्यांत नोंदणीसाठी अर्ज करणे भाग होते. नोंदणी न करणाऱ्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यानंतरही उल्लंघन चालू ठेवल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मंजुऱ्या हाती येण्याआधीच ‘प्री-लाँच’च्या नावाखाली पैसे गोळा करण्याच्या जुन्या प्रथेवर या एका अटीने कायदेशीर बंदी आली.

नोंदणी करताना विकासकाला जमिनीच्या मालकीहक्काचा वकिली अहवाल, तिच्यावरील बोजा, मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, चालू खटले आणि प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख जाहीर करावी लागते, आणि विकलेल्या सदनिकांची संख्या व कामाची प्रगती दर तिमाहीला अद्ययावत करावी लागते. ही सारी माहिती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणेही बंधनकारक आहे. कायद्याच्या सर्व तरतुदींत माहिती खुली करण्याची ही तरतूदच सर्वांत मोलाची म्हणावी लागेल. तक्रारीचा अधिकार फसवणूक झाल्यानंतर उपयोगी पडतो; ही माहिती मात्र पैसे देण्याआधी हाती येते, आणि सर्वसाधारण कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीचे खरे रक्षण त्याच टप्प्यावर होऊ शकते. तरीही कित्येक खरेदीदार नोंदणी क्रमांक आहे एवढे पाहून थांबतात आणि त्या क्रमांकामागची कागदपत्रे उघडून पाहत नाहीत.

ही गफलत किती महाग पडू शकते, हे कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतील ६५ इमारतींच्या प्रकरणाने दाखवून दिले. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या सादर करून त्या प्रकल्पांची महारेराकडे नोंदणी करण्यात आली होती आणि त्या नोंदणीवर विसंबून लोकांनी तेथे घरे घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या इमारती पाडण्याचे आदेश दिले. नोंदणी म्हणजे शासनाने दिलेली हमी नव्हे. विकासकाने स्वतःच्या जबाबदारीवर केलेली घोषणा असा तिचा कायदेशीर अर्थ आहे. परंतु शासकीय संस्थेने दिलेल्या क्रमांकाकडे सामान्य माणूस हमी म्हणूनच पाहणार, हे लक्षात घेऊन परवानग्यांची संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून खातरजमा करण्याची पद्धत आरंभापासून असायला हवी होती. ती पुढे आणावी लागली, आणि तोवर शेकडो कुटुंबांचे नुकसान होऊन गेले होते.

पैशांच्या हिशेबातही कायद्याने मूलभूत बदल केला. एका प्रकल्पातील खरेदीदारांचे पैसे दुसऱ्या ठिकाणी जमीन घेण्यासाठी वळवणे हे प्रकल्प रखडण्याचे मोठे कारण होते. आता खरेदीदारांकडून येणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते आणि काम जितके पुढे गेले असेल तितक्याच प्रमाणात, अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांनंतर, ती काढता येते. हे पैसे केवळ बांधकामासाठी असतात असा समज आहे. प्रत्यक्षात जमिनीचा खर्चही त्यातूनच भागवता येतो. त्यामुळे ज्या प्रकल्पाची जमीन महाग, त्याच्या खात्यात बांधकामासाठी उरणारी रक्कम वाटते त्याहून बरीच कमी असू शकते.

विकासकांच्या अर्थव्यवहारावर याचा परिणाम खोलवर झाला. बुकिंगच्या पैशावर जमीन घ्यायची आणि त्या जमिनीवर पुढचे बुकिंग घ्यायचे, हे चक्र थांबल्याने सुरुवातीचे भांडवल स्वतःचे असणे किंवा व्याजाने आणणे आवश्यक झाले. त्यातच सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तकंपनीने कर्जे थकवल्यामुळे बिगर-बँक वित्तसंस्थांचा कर्जपुरवठा आटला आणि लहान बिल्डरांची मोठी कोंडी झाली. अनेकांनी आपली जमीन घेऊन मोठ्या विकासकाशी भागीदारी केली. रखडलेल्या प्रकल्पांसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये २५,००० कोटी रुपयांचा ‘स्वामीह’ निधी जाहीर केला, तो रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पांपुरताच होता. शिस्तीने काम करणाऱ्या विकासकाला मात्र कायद्याचा लाभही झाला, कारण तपशील खुले असल्याने बँका व खरेदीदार या दोघांचाही विश्वास मिळवणे त्याला सोपे गेले. बांधकामात हिस्सा घेणारा जमीनमालकही आता सहप्रवर्तक मानला जातो, त्यामुळे पैसे घेऊन जबाबदारीतून अंग काढून घेणे त्यालाही जमत नाही.

खरेदीदाराशी होणाऱ्या कराराचे स्वरूपही बदलले. करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. विक्री चटई क्षेत्राच्या, म्हणजे घरातील प्रत्यक्ष वापरण्याजोग्या जागेच्या, आधारे करावी लागते. आतल्या भिंती त्यात धरल्या जातात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची वगळली जाते. जिने, लॉबी, क्लब हाऊस यांचा वाटा मिसळून सांगितला जाणारा ‘सुपर बिल्टअप’चा आकडा, जो प्रत्येक बिल्डर आपल्या हिशेबाने फुगवत असे, त्यामुळे निरर्थक ठरला. महाराष्ट्राच्या आदर्श करारनाम्यात हप्तेही कामाच्या टप्प्यांशी बांधलेले आहेत. जोते पूर्ण होईपर्यंत एकूण किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत आणि स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७० टक्क्यांपर्यंतच रक्कम मागता येते, आणि शेवटचा ५ टक्के भाग ताब्याच्या वेळी द्यायचा असतो. मंजूर नकाशात किंवा सामाईक जागांत फेरबदल करायचा तर दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात संरचनात्मक किंवा कारागिरीचा दोष आढळल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

विलंबाबाबत कलम १८ महत्त्वाचे आहे. करारातील तारखेला ताबा मिळाला नाही तर खरेदीदार प्रकल्पातून बाहेर पडून व्याज व नुकसानभरपाईसह सर्व रक्कम परत मागू शकतो; किंवा घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याचे व्याज घेऊ शकतो. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च सीमान्त कर्जदराहून (एमसीएलआर) दोन टक्के अधिक असा ठरलेला आहे आणि हप्ता थकवणाऱ्या खरेदीदारालाही तोच दर लागू होतो. पूर्वी खरेदीदाराकडून जबर व्याज घेणारे आणि स्वतःच्या विलंबासाठी दर चौरस फुटामागे नाममात्र रक्कम देणारे एकतर्फी करार सर्रास होत, त्या मानाने ही समानता फार मोठी आहे. जमिनीच्या मालकीहक्कातील दोषामुळे नुकसान झाल्यास भरपाईच्या दाव्याला मुदतीचा कायदाही आड येत नाही.

या तरतुदींना विकासकांनी आव्हान दिले होते. नीलकमल रिअल्टर्स सबर्बन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी कायद्याची घटनात्मक वैधता मान्य केली आणि आधीपासून चालू असलेल्या प्रकल्पांना तो लागू करणेही योग्य ठरवले. पुढे न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०२१ रोजी, ताबा वेळेवर न मिळाल्यास परतावा मागण्याचा खरेदीदाराचा हक्क बिनशर्त असल्याचे सांगितले. अपील करणाऱ्या विकासकाने आदेशातील रक्कम आधी जमा करावी ही अटही त्या निकालाने कायम राहिली. त्यापूर्वी इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात, २०२० मध्ये, रेरामुळे ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग बंद होत नाही, असे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले होते.

महाराष्ट्रात तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. विकासकांच्या संघटना आणि मुंबई ग्राहक पंचायत यांच्या सहभागाने २०१८ मध्ये सुरू झालेला सलोखा मंच ही या राज्याची उल्लेखनीय भर आहे. दोन्ही बाजूंना एकत्र बसवून वाद मिटवण्याची ही सोय, विशेषतः ज्यांना पैसे नकोत, घरच हवे आहे अशांना, खटल्याहून अधिक उपयोगी पडते.

कायद्याची खरी परीक्षा आदेशानंतर सुरू होते आणि तेथे तो कमी पडतो. परताव्याची रक्कम विकासकाने दिली नाही तर प्राधिकरण ती स्वतः वसूल करू शकत नाही. जमीन महसुलाची थकबाकी म्हणून ती वसूल करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली अधिपत्र पाठवले जाते, आणि पुढचे काम निवडणुकीपासून दुष्काळापर्यंत सर्व कामांचा भार असलेल्या तहसील कार्यालयाकडे जाते. काही जिल्ह्यांत या वसुलीसाठी निवृत्त महसूल अधिकारी नेमण्यात आले, तरी बिल्डरच्या नावे जप्त करण्याजोगी मालमत्ता सापडणे कठीण असते. विकासक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर वसुलीला स्थगिती मिळते. दिवाळखोरी संहितेत २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने घरखरेदीदारांना वित्तीय धनकोचा, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेसारखा, दर्जा दिला, पण २०२० पासून अशी प्रक्रिया सुरू करण्यासाठी त्याच प्रकल्पातील १०० किंवा १० टक्के खरेदीदार एकत्र यावे लागतात. खरेदीदाराने निकाल जिंकायचा आणि पैशासाठी पुन्हा नव्याने खेटे घालायचे, ही अवस्था कायद्याच्या उद्देशाला छेद देणारी आहे. दुसरी उणीव मंजुऱ्यांची आहे. भोगवटा प्रमाणपत्र, पाणीजोडणी, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला देणाऱ्या यंत्रणांना हा कायदा कोणतीही मुदत घालत नाही, आणि त्यांच्यामुळे विलंब झाला तरी व्याज विकासकालाच द्यावे लागते. विकासकांची ही तक्रार रास्त आहे.

मुंबईत आज नवी घरे मोठ्या प्रमाणावर जुन्या इमारतींच्या पुनर्विकासातून उभी राहतात. तेथे महारेराची नोंदणी विक्रीसाठीच्या सदनिकांपुरती असते आणि आपली जुनी जागा देऊन नवी जागा मिळवणारे मूळ सभासद सर्वसाधारणपणे या कायद्यानुसार खरेदीदार ठरत नाहीत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी राज्याने सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली काढलेल्या, जुलै २०१९ मध्ये सुधारलेल्या निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमीची तरतूद आहे. पण काम थांबले आणि भाडे बंद झाले तर या सभासदाला संस्थेने केलेल्या विकास करारातील अटींच्या बळावर लवादाकडे किंवा न्यायालयात जावे लागते. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर घर घेणारा नवा खरेदीदार मात्र महारेराकडे थेट व्याज मागू शकतो.