तणनाशकाने कर्करोग झाला, हे कोर्टात कसं ठरतं?

ग्लायफोसेट मारलं की तण लगेच मरत नाही. काही दिवसांनी शेंडा पिवळा पडतो, मग झाड मुळासकट वाळतं. हे रसायन वनस्पतीतल्या एका एन्झाइमचं काम बंद पाडतं. त्यामुळे फेनिलअॅलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं तयार होत नाहीत आणि वाढ खुंटते. माणसात हे एन्झाइम नाहीच; ही आम्लं आपल्याला जेवणातून मिळतात. १९७४ मध्ये मोन्सँटो कंपनीने ते ‘राउंडअप’ या नावाने बाजारात आणलं. ते माणसाला सुरक्षित असल्याचं सांगताना हाच दाखला हटकून दिला जातो.

दाखला खरा आहे, पण अपुरा. अपायाचा एक रस्ता बंद आहे म्हणून बाकीचे बंद ठरत नाहीत. शिवाय डब्यात नुसतं ग्लायफोसेट नसतं. औषध पानावर पसरावं, आत मुरावं म्हणून त्यात साबणासारखी द्रव्यं घातलेली असतात. त्यातलं पीओईए हे द्रव्य ग्लायफोसेटहून जास्त विषारी निघालं आणि २०१६ मध्ये युरोपीय संघाने ग्लायफोसेटच्या तणनाशकांतून ते हद्दपार केलं.

मार्च २०१५ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा २-अ गटात टाकलं. अमेरिकेची पर्यावरण संस्था आणि युरोपची अन्नसुरक्षा संस्था मात्र धोका संभवत नाही असं म्हणतात. यात कुणीतरी खोटं बोलतंय असं नाही. हे रसायन कर्करोग घडवू शकतं का, असं ल्योंची संस्था विचारते. प्रत्यक्षात जेवढं अंगावर येतं तेवढ्याने घडेल का, असं नियामक विचारतात. (त्याच वर्षी लाल मांसही २-अ गटात गेलं. मटणाच्या दुकानांवर त्याचा परिणाम झाल्याचं दिसलं नाही.)

फवारणी करणाऱ्यांचे अभ्यासही एका सुरात बोलत नाहीत. अमेरिकेत ५४ हजारांहून अधिक फवारणी करणाऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला की ग्लायफोसेट आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा ठळक संबंध दिसत नाही. पुढच्याच वर्षी हाच अभ्यास इतर अभ्यासांत मिळवून केलेल्या विश्लेषणात, सर्वाधिक संपर्क आलेल्यांना धोका ४१ टक्क्यांनी जास्त दिसला.

आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने शाळांची मैदानं सांभाळणाऱ्या एका कर्मचाऱ्याला मोन्सँटोने २८.९ कोटी डॉलर द्यावेत असा निकाल दिला. फवारणी करताना नळी निसटून तो तणनाशकाने चिंब भिजला होता. पुढे कर्करोग झाला. याचा आणि त्याचा संबंध आहे का, हे त्याने कंपनीला फोन करूनही विचारलं होतं. भरपाई अपिलात घसरत २.०५ कोटींवर आली, पण कंपनीची जबाबदारी कायम राहिली.

शास्त्रज्ञांचं एकमत नसताना निकाल लागतो कसा? मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग दिसला की डॉक्टर आधी अॅस्बेस्टॉसबद्दल विचारतात, इतकं ते नातं पक्कं आहे. लिम्फोमाच्या गाठीवर मात्र कारणाची कसलीही खूण नसते. मग तज्ज्ञ रुग्णाची इतर कारणं एकेक करून बाजूला सारतात आणि काय उरतं ते पाहतात. शास्त्राला ९५ टक्के खात्री लागते. दिवाणी दाव्यात ‘असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त’ एवढं पुरतं, आणि रसायन एकमेव कारण असण्याचीही गरज नसते. आजारात त्याचा भरीव वाटा असला की झालं.

राउंडअपवरच्याच हार्डमन नावाच्या दुसऱ्या एका खटल्यात न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी तर सुनावणीचे दोन भाग पाडले: आधी फक्त विज्ञान, कंपनीच्या वागण्याबद्दल नंतर. मला ही पद्धत फार आवडली. वादीचे पुरावे संदिग्ध आहेत असं त्यांनी स्वतःच आधी नोंदवलं होतं, तरी मार्च २०१९ मध्ये ज्युरीने पहिल्याच भागात कर्करोगाचा दोष राउंडअपला दिला.

दुसऱ्या भागात आला अंतर्गत पत्रव्यवहार. राउंडअप कर्करोगकारक नाही असं म्हणता येणार नाही, कारण तयार मिश्रणावर तेवढ्या चाचण्या झालेल्याच नाहीत, असं कंपनीच्याच विषतज्ज्ञाने २००३ मध्ये ईमेलवर लिहिलं होतं. ग्लायफोसेटला निर्धोक ठरवणारा २००० सालचा एक गाजलेला शोधनिबंध कंपनीच्या लोकांनी पडद्याआडून लिहिल्याचेही धागे निघाले. नियतकालिकाने तो २०२५ मध्ये मागे घेतला. दंडात्मक भरपाई फुगते ती अशा कागदांमुळे. २०१८ मध्ये मोन्सँटो विकत घेणाऱ्या बायरने दोनच वर्षांत दावे मिटवण्यासाठी १००० कोटी डॉलरच्या आसपासची तयारी दाखवली, चूक मात्र कबूल केली नाही. सरकारी संस्थेनेच इशारा नको म्हटलेला असताना लेबलवर तो छापायचा कसा, हा कंपनीचा युक्तिवाद आहे. २०२४ मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने तो मानला, दुसऱ्याने त्याआधी फेटाळला होता.

आपल्याकडे डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो तत्काळ विषबाधेचा धोका दाखवतो. वीस वर्षांनी उमटणाऱ्या आजाराबद्दल त्यातून काही कळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटची फवारणी फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फत करायची असा आदेश काढला. विदर्भात ग्लायफोसेट मारलं तरी न मरणारी बेकायदा ‘चोर बीटी’ कपाशी उभी आहे, तिथे हा आदेश कितपत पाळला जात असेल ते सांगायला नको.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये पुरेसा इशारा न देणाऱ्या उत्पादकावर दावा करता येतो. पण कलम ८७ मध्ये अपवाद आहे: माल नियोक्त्याने कामाच्या जागेसाठी घेतला असेल आणि इशारा त्याला दिलेला असेल, तर इशाऱ्यावरून उत्पादकाला धरता येत नाही. शेतमालक नियोक्ता आणि वावर ही कामाची जागा धरली, तर रोजाने फवारायला गेलेल्या मजुराचा दावा इथेच अडकू शकतो. मग उरतो उत्पादनाच्या रचनेतच दोष आहे हे सिद्ध करण्याचा रस्ता, आणि त्यासाठी पुन्हा उंदरांवरच्या चाचण्या, आकडेवारी आणि महागडे तज्ज्ञ साक्षीदार लागतात.