खुणेचा मनोरा: उलटणं वेगळं, सरकणं वेगळं

पाडापाडी आणि नवी बांधकामं एकाच वेळी चालू असतात तिथल्या जुन्या खुणा नाहीशा होतात आणि माणसं वाट चुकतात. अशा जागी वर्ष-दोन वर्षांसाठी लांबून दिसणारा खुणेचा मनोरा उभारायचा, तर पाया खणणं धोक्याचं असतं. खाली केबल आणि पाइप असतात. म्हणून तळाच्या चौकटीवर वजन ठेवून तो उभा करतात. वारा असा मनोरा दोन प्रकारे पाडतो: उलटवून आणि सरकवून. हिशोब करताना मात्र सरकणं विसरलं जाऊ शकतं.

समजा, मनोऱ्यावरचा फलक ३ मीटर रुंद, ६ मीटर उंच, मध्य जमिनीपासून ५ मीटरवर. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३० मीटर धरला, तर दाब ०.६ (हवेच्या घनतेच्या निम्मा) × ३० × ३० = ५४० न्यूटन प्रति चौरस मीटर. आकाराचा गुणांक (फलकाच्या आकारामुळे रेटा किती पट होतो तो आकडा) १.३ घेतला की १८ चौरस मीटरवर १२.६ किलोन्यूटन रेटा येतो. सांगाड्यावरचा वारा यात धरलेला नाही, तो निराळा मोजावा.

उलटण्याचा जोर म्हणजे १२.६ × ५ = ६३ किलोन्यूटन-मीटर; सुरक्षेसाठी दीडपट, म्हणजे ९४.५. तळ ४ मीटर चौरस असेल, तर कडेपासून मध्य २ मीटरवर पडतो, आणि ९४.५ भागिले २ = ४७ किलोन्यूटन, म्हणजे सगळं मिळून सुमारे ४.८ टन वजन पुरतं (एक टन म्हणजे सुमारे ९.८ किलोन्यूटन). तळ ५ मीटरचा केला की ३.९ टन.

सरकण्यात तळाच्या रुंदीचा काडीचाही उपयोग नाही. तिथे फक्त वजन आणि घर्षण. लोखंडी चौकट काँक्रीटवर असेल आणि घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर दीडपट रेटा १८.९ भागिले ०.३ = ६३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ६.४ टन लागतात. तळ कितीही रुंद करा, आकडा तोच. वजन कमी झालं म्हणून खूश होऊन ३.९ टनांवर थांबलात, तर मनोरा उलटणार नाही, पण जागेवरून हलेल. खाली चांगली रबरी चटई घालून गुणांक ०.५ मिळाला, तर गणित फिरतं: ३.९ टन सरकण्यापुरते होतात, आणि ४ मीटरच्या तळावर मग किती वजन हवं ते उलटणंच ठरवतं.

वजनाचे ठोकळे चौकटीला बोल्टने पक्के हवेत. नुसते शेजारी ठेवलेले ठोकळे उलटणंही थांबवत नाहीत, सरकणंही नाही. काँक्रीटचे ६.४ टन सुमारे २.७ घनमीटर होतात. पाण्याच्या टाक्या घेतल्या तर ६.४ घनमीटर. टाकी गळली की वजन जातं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आम्ही काँक्रीटच सुचवू.

हे आकडे उभारणीच्या दिवसाचे. शेजारची इमारत पाडली की आडोसा जातो. उंच इमारत आली की तिच्या कोपऱ्याशी वारा वाढतो. दोन्ही वेळी पुन्हा हिशोब करावा. आणि तळाच्या चारही कोपऱ्यांशी जमिनीवर रंगाची रेघ मारून ठेवावी. वादळानंतर रेघ आणि चौकट यांच्यात बोटभर फट दिसली, तर मनोरा सरकायला लागला आहे. आसपासची वाट त्याच दिवशी बंद करावी.